बोराचं कलम आणि खालचा खुंट

राजेगावात धानाच्या धुऱ्यावर बोरं फुकट मिळतात, त्यामुळे घरी बोर लावायचं कुणी फारसं मनावर घेत नाही. आम्ही घेतलं. रोपवाटिकेतून ॲपल बोराचं कलम आणून सांदवाडीत लावलं. झाड झपाट्याने वाढलं, आणि हिवाळ्यात त्याला गोट्यांएवढी आंबट बोरं लागली! खुंटावर भरलेला ॲपल बोराचा डोळा केव्हाच वाळून गेला होता. वाढला होता तो खालचा गावठी खुंट.

असं पुष्कळ घरी होतं. कलमाच्या सांध्याखालून निघणारा फुटवा वरच्यापेक्षा जोमदार असतो, म्हणून तोच कौतुकाने वाढवला जातो. काटे दाट आणि पानं लहान दिसली की ओळखा. कोवळा असतानाच तो बोटाने मोडून टाकायचा.

आमचं झाड मात्र आम्ही उपटलं नाही. बोराचं सोटमूळ खोल जातं, आणि एवढं रुजलेलं मूळ नव्या रोपाला कुठून मिळणार? उन्हाळ्यात बुंधा गुडघ्याएवढा ठेवून कापला. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड झालेल्या नव्या फुटीवर जाणत्याकडून उमराण जातीचे डोळे भरून घेतले. माझं मत विचाराल तर कलम विकत घेण्यापेक्षा गावठी बी जागेवरच पेरून त्यावर डोळा भरणं बरं.

छाटणीला लोक उगाच भितात. आमच्या बालाघाट-गोंदिया भागात लाखेचं पीक घेणारे बोराच्या फांद्या कापतच आले आहेत, झाडं पुन्हा फुटतात. बोराला फळ नव्या फुटीवर धरतं. पानं गळल्यावर, एप्रिल-मे महिन्यात, गेल्या वर्षीच्या फांद्या आखूड करा. न छाटलेलं झाड उंच जातं, बोरं बारीक होतात आणि काढताना हात ओरबाडतात ते वेगळंच.

पावसाळा संपता संपता कोवळ्या फळांवर पांढरी भुरी दिसली तर 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक घालून फवारा. फळमाशीला असा सोपा उपाय नाही. तिची अळी गर खाऊन मातीत उतरते, तिथेच कोष करते. म्हणून गळलेली, किडकी बोरं रोज वेचून खोल पुरा आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती खणून तापू द्या.

आणि रोप विकत घेणारच असाल, तर जातीचं नाव नंतर विचारा. आधी कलमाचा सांधा दाखवा म्हणा.