हजरुल यहूद (बदराश्म) : ग्राह्य द्रव्याची परीक्षा

अश्मरी व मूत्रकृच्छ्र या व्याधींत योजिले जाणारे हजरुल यहूद भस्म वैद्यवर्गास सुपरिचित आहे. युनानी परंपरेतून आपल्या औषधशाळांत आलेले हे द्रव्य बदराश्म वा बेरपत्थर या नावांनीही ओळखले जाते. मात्र ‘बोरासारखा दगड’ एवढ्याच ओळखीवर ते खरेदी करणे योग्य नव्हे. समुद्रकिनाऱ्यावर लाटांनी घासलेले कित्येक गोटे बोरासारखेच दिसतात.

वस्तुतः हा साधा दगड नसून जीवाश्म आहे. जुरासिक काळातील (सुमारे २०.१ ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या) समुद्रात राहणाऱ्या सी-अर्चिन या काटेरी प्राण्याचा तो फुगीर काटा होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने यहुदियातील या पाषाणाचे वर्णन करताना ओकफळासारखा आकार आणि चरकावर कातल्यासारख्या समांतर रेषा ही लक्षणे दिली आहेत. आजही प्रथम तीच पाहावीत.

काट्याच्या एका टोकाशी आखूड देठ असतो. प्राण्याच्या कवचाशी तो तेथे सांधलेला असे. देठापासून दुसऱ्या टोकाकडे बारीक दाण्यांच्या उभ्या ओळी जातात. घासलेल्या नमुन्यात त्या पुसट होतात. अशा वेळी भिंगाने देठाजवळचा भाग तपासावा. नंतर एक नमुना फोडावा. ही परीक्षा फार महत्त्वाची आहे. सी-अर्चिनचा प्रत्येक काटा कॅल्साइटच्या एकाच स्फटिकासारखा घडलेला असतो व अश्मीभवनात त्याची सूक्ष्म छिद्रेही कॅल्साइटने भरून निघतात. त्यामुळे तो फुटताना तिरकस, सपाट आणि चकाकणारे पृष्ठभाग दिसतात. आजच्या सी-अर्चिनचा किनाऱ्यावर पडलेला काटा सच्छिद्र, म्हणून हलका लागतो.

ताज्या भंगावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यास फेस येतो. कोकण किनाऱ्यावरील बेसाल्टचा गोटा येथेच बाद होतो. परंतु प्रवाळाचा तुकडा, शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचा चुनखडक यांनाही फेस येतो. त्यांचा भंग मात्र खडबडीत वा दाणेदार असतो. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले कॅल्साइट तर फेसही देते आणि सपाट भंगही दाखवते! तेथे देठ व दाण्यांच्या ओळी नाहीत, हाच भेद. म्हणून बाह्यरूप, भंग व आम्ल या तिन्ही परीक्षा एकत्र जुळल्या तरच द्रव्य ग्राह्य मानावे.

चूर्णरूपात ही ओळख उरत नाही. संगमरवर, शिंपला आणि बदराश्म या तिन्हींचे चूर्ण आम्लात फसफसते. मुळ्याच्या स्वरसाची भावना देऊन पुट दिल्यावर तर साध्या परीक्षेने मूळ द्रव्य सांगणे अशक्यच. तेव्हा औषधशाळाचालकांनी हे द्रव्य अखंडच मागवावे, प्रत्येक खेपेतील काही खडे खलात जाण्यापूर्वी फोडून पाहावेत आणि एक अखंड व एक फोडलेला खडा खेपेच्या क्रमांकासह कुपीत जपून ठेवावा.