आरडी ३५० घेताय? रंग नको, सील बघा

राजदूत ३५०, म्हणजे आपली आरडी, नवी होती तेव्हा अठरा हजारांच्या घरात मिळायची, तरी गिऱ्हाईक पाठ फिरवायचं. पेट्रोल फार पिते, ही तक्रार. आज त्याच गाडीचा गंजका सांगाडा घ्यायला गेलात तरी बोली दीड-दोन लाखांपासून सुरू होते. पुन्हा न रंगवलेली, सगळे भाग मूळचे असलेली हवी असेल, तर चार लाखांच्या पुढची तयारी ठेवा. ठरलेला भाव असा नाहीच. समोरच्याला तुमचा जीव किती अडकलाय हे कळलं की तो वाढतो.

एस्कॉर्ट्सने १९८३ पासून ही गाडी यामाहाच्या तंत्रावर इथे बनवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, बोर-स्ट्रोक ६४ बाय ५४ मिलिमीटर. यामाहाच्या टीझेड ३५० या रेसरचंही माप हेच. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर ती शर्यतीत पळाली आणि तिथेच ‘ओरिजिनल’ची गोची झाली. वेगासाठी कुणी पोर्ट कानशीने घासून मोठे केले, कुणी सायलेन्सर बदलले, कुणी ऑईल पंप काढून टाकीतच ऑईल मिसळायला सुरुवात केली. बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी आतून दहा हातांची असू शकते.

म्हणून पिस्टनचं माप विचारा. मूळ माप ६४ मिमी. बोरिंग करताना पाव-पाव मिलिमीटरने वाढवत ६५ पर्यंत जाता येतं. सिलिंडर शेवटच्या मापाला पोचला असेल तर पुढच्या वेळी स्लीव्ह घालावी लागेल. ही गोष्ट किंमत पाडायला चांगली.

त्याहून महत्त्वाची क्रँकची सीलं. गिअरबॉक्सच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअर ऑईल ओढतं आणि गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. दुसऱ्या बाजूचं गेलं तर धूर दिसत नाही. नुसती हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि एके दिवशी भर वेगात पिस्टन धरतो. अशा वेळी झटकन क्लच दाबता यावा म्हणून त्यावर दोन बोटं ठेवून चालवण्याची सवय टू-स्ट्रोकवाल्यांना उगीच लागलेली नाही. तपासणी सोपी आहे: सगळी तोंडं बंद करून इंजिनात सहा पीएसआय हवा भरायची आणि मिनिटभर काटा बघायचा. एक पीएसआयपेक्षा जास्त उतरला, तर कुठेतरी गळती आहे. ‘याची काय गरज, गाडी चालू आहे ना’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. सीलं स्वस्त असतात. पण ती बदलायला इंजिन पूर्ण उघडावं लागतं आणि क्रँक प्रेसवर नीट जुळवणारा मिस्त्री सहज सापडत नाही. माझ्या अंदाजाने या कामासाठी पन्नास हजार बाजूला असावेत.

सरकारी खर्च त्यामानाने किरकोळ. वीस वर्षांपुढच्या दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाला २,००० रुपये, महाराष्ट्रात पाच वर्षांचा पर्यावरण कर २,०००, थर्ड पार्टी विमा वर्षाला १,३६६ अधिक जीएसटी. मात्र आरसीची मुदत कधी संपली ते आधी बघा. उशिराला महिन्याला ३०० रुपये जादा. तीन वर्षांचे १०,८०० झाले. चेसिस नंबर पेन्सिलने कागदावर उमटवून आरसीशी ताडून पाहा. जुळला नाही तर चहा प्या आणि घरी या.

पेट्रोलचं म्हणाल तर लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर. पुढचा ड्रम ब्रेक तर कीर्तिवंतच आहे. मूळचा ठेवायचा असेल तर लायनर नवे घाला आणि पुढच्या गाडीपासून लांब राहा.

एक शेवटचं. नियमानुसार व्हिंटेज नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं लागतात. म्हणजे १९८३ ची पहिली आरडीसुद्धा २०३३ पर्यंत साधी जुनी गाडीच. ‘व्हिंटेज आहे साहेब’ म्हणून कुणी लाखभर जास्त मागितले, तर त्याला हे साल सांगा.