एकट्याने चालवायची शिडाची होडी : निवड कशी करावी?

(द्वितीय वर्ष, कला)

रावेरच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात शिडाच्या होडीवर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. समुद्र आपल्यापासून शेकडो मैल दूर. तापीवर आपण पाहतो ती वल्ह्याने नाहीतर बांबूने चालणारी नाव. परंतु आपल्या शेजारच्या अजिंठ्यात, दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र आहे. ते रंगविणाऱ्या कलावंतापासूनही समुद्र दूरच होता. तेव्हा विषय परका म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. शिवाय या विषयाच्या पोटात जो प्रश्न आहे तो आपणा सर्वांचा आहे. हाताशी पैसा थोडा आणि मदतीला दुसरा माणूस नाही, अशा वेळी साधन कसे निवडावे?

मोठी की लहान?

होडी जितकी लांब तितका तिचा वेग अधिक, हे खरे. पण हा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे लांबी दुप्पट केली तर वेग जेमतेम दीडपटीच्या आत राहतो. खर्चाचे गणित मात्र वेगळे आहे. लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही दुप्पट केल्या, तर शिडाचे कापड चौपट आणि वजन आठपट होते. ते शीड वादळात एकट्या माणसाला उतरवायचे असते. म्हणून पहिला नियम असा की, आपल्या दोन हातांना आवरेल एवढेच शीड असलेली होडी घ्यावी.

दुसरी गोष्ट पैशाची. बैल घेताना किंमत एकदाच मोजावी लागते, वैरण मात्र रोज घालावी लागते. होडीचेही तसेच आहे. शिडे फाटतात, दोर झिजतात, तळाला दरवर्षी रंग द्यावा लागतो. सगळे पैसे खरेदीतच घालवणारा मनुष्य पुढच्या हंगामात होडी किनाऱ्यावर ठेवून बसतो.

तिसरी गोष्ट झोपेची. लांबच्या प्रवासात एकट्या माणसाला कधीतरी डोळा मिटावाच लागतो. त्या वेळी सुकाणूवर हात नसतानाही जी होडी आपली दिशा सोडत नाही, तीच एकट्याची होडी. तळाला आरपार लांब व जड कणा असलेल्या होड्यांत हा गुण अधिक आढळतो. त्या वळायला मंद असतात, पण सरळ चालतात.

मुंबईत बांधलेली ‘सुहैली’

या तिन्ही गोष्टींचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी नोकरीनिमित्त मुंबईत असताना १९६३-६४ मध्ये त्याने तेथे ‘सुहैली’ नावाची ३२ फुटी होडी बांधून घेतली. लाकूड सागवानी. येथील सुतारांनी वाकस आणि हातगिरमिट यांसारख्या साध्या हत्यारांनी ती घडवली. दोन डोलकाठ्या असल्यामुळे एकच मोठे शीड न राहता शिडांची विभागणी झाली, आणि प्रत्येक शीड एका माणसाच्या आवाक्यात आले.

१९६८ साली ‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्राने एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा जाहीर केली. नॉक्स-जॉन्स्टनच्या मनात मोठी पोलादी होडी होती, पण तिच्यासाठी पैसे उभे राहिले नाहीत. तेव्हा तो आपल्या जुन्या ‘सुहैली’तूनच १४ जून १९६८ रोजी निघाला. वाटेत तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागले. पाण्यात बुडी मारून त्याने त्यावर कापड व तांब्याची पट्टी ठोकली. पुढे आपोआप दिशा राखणारे यंत्र मोडले. त्यानंतर केवळ शिडांचा तोल साधून होडी चालत राहिली. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तो परतला. नऊ जण निघाले होते. प्रवास पुरा करणारा तो एकटाच. त्याच्याहून वेगवान होड्या त्या नऊंत होत्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपले दर्यावर्दी

कमांडर दिलीप दोंदे हे शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि चार मुक्काम करून मे २०१० मध्ये परतले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. ती ५६ फुटांची. म्हणजे एकट्याने मोठी होडी चालवता येतच नाही असे नाही. परंतु तिच्यामागे नौदलासारखी संस्था उभी होती. याच ‘म्हादेई’तून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

२०१८ च्या स्पर्धेत टॉमी यांनी ‘सुहैली’च्या धर्तीवर गोव्यातच बांधलेली ‘तुरिया’ नेली. हिंदी महासागरातील वादळात ती उलटली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. चांगली होडी धोका कमी करते, नाहीसा करत नाही, हे येथे दिसते. ते पुन्हा उभे राहिले आणि २०२२ च्या स्पर्धेत ३६ फुटी होडीतून निघून २०२३ मध्ये दुसरे आले.

शिकणाऱ्याने काय घ्यावे?

शिकणाऱ्याला समुद्रही लागत नाही, तलाव पुरतो. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाच्या होड्या चालतात. मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ ही पावणेआठ फुटी होडी १९४७ मध्ये अमेरिकेत आखली गेली, तीच मुळी प्लायवूडमध्ये स्वस्तात बांधता यावी म्हणून. मोठ्यांसाठी ‘लेझर’ आहे. तिची लांबी ४.२३ मीटर, शीड एकच, आणि रिकाम्या सांगाड्याचे वजन साठ किलोच्या आत. नवी परवडत नसेल तर जुनी घ्यावी. मात्र तळ दाबून पाहावा, डोलकाठीचा बुंधा तपासावा आणि घेण्यापूर्वी एकदा पाण्यात चालवून पाहावी.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. मोठे साधन मिळेपर्यंत थांबावे, की हाती आहे त्यावर निघावे, हा प्रश्न आमच्यासारख्यांना पुस्तकांपासून वसतिगृहापर्यंत रोज पडतो. ‘सुहैली’चा इतिहास त्याचे स्पष्ट उत्तर देतो. साधन लहान असले तरी चालेल. ते मजबूत असावे, त्याची खोड न् खोड आपल्याला ठाऊक असावी, आणि मोडले तर आपल्याच हाताने दुरुस्त करता यावे. एवढे असेल तर निघायला हरकत नाही.