दिवसा ४०१, रात्री २००

ऑर्डरची खबर देणारे एसएमएस दिवसभर अडकत होते आणि रात्री शेड्यूल्ड जॉबमधून जाणारे मात्र सुरळीत पोचत होते. यावर टीम लीडचं निदान तयारच होतं: एसएमएस कंपनीच्या सर्व्हरला दिवसाचा लोड झेपत नाही. उत्तरात ४०१ येतंय, लोडचा प्रश्न असता तर ४२९ किंवा ५०३ आलं असतं, हे प्रस्तुत लेखकाने दोनदा सांगून पाहिलं. एसएमएसचं मॉड्यूल त्याच्या नावावर असल्याने ‘आधी तुमचा कोड बघा’ हे मात्र त्यालाच ऐकावं लागलं.

त्याचा कोड स्प्रिंगच्या ओपनफेनचा साधा क्लायंट होता. कंपनीने दिलेली की ‘रिक्वेस्टहेडर’ पॅरामीटरमधून ऑथरायझेशन या नावाने जायची. बिघाड दुसरीकडे होता. ग्राहकाचं टोकन आतल्या सर्व्हिसेसना पुढे द्यायचं, पण प्रत्येक मेथडला पॅरामीटर वाढवायचा कंटाळा, म्हणून लीडने एक रिक्वेस्ट इंटरसेप्टर लिहिला होता. चालू वेब रिक्वेस्टमधून ऑथरायझेशन उचलायचं आणि फेनच्या टेम्प्लेटवर चढवायचं; रिक्वेस्ट नसेल तर गुपचूप परत फिरायचं. क्लासच्या डोक्यावर ‘@कॉम्पोनंट’. हा इंटरसेप्टर झाडून सगळ्या फेन क्लायंटना लागू होईल, असं लेखकाने रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं. ‘पुढच्या स्प्रिंटला बघू’ म्हणत लीडने कोड मर्ज केला.

शेवटी लेखकाने त्या क्लायंटची फेन लॉगर लेव्हल ‘हेडर्स’ केली, इंटरफेसच्या नावाचा लॉगर डीबगवर आणला आणि दिवसाचा व रात्रीचा लॉग शेजारी-शेजारी उघडला. रात्री ऑथरायझेशनची एकच ओळ होती, कंपनीच्या कीची. दिवसा दोन होत्या. वर कंपनीची की, खाली ‘बेअरर’ लावलेलं ग्राहकाचं टोकन.

फेनच्या टेम्प्लेटमधली ‘हेडर’ ही मेथड जुनी व्हॅल्यू पुसत नाही, तिच्या जोडीला नवी बसवते. रात्रीच्या जॉबमागे वेब रिक्वेस्टच नसल्याने इंटरसेप्टर मागच्या मागे फिरत होता, म्हणून सगळं आलबेल.

म्हणजे एसएमएस अडकणं हे त्यातल्या त्यात किरकोळ. लॉगिन केलेल्या ग्राहकांची टोकनं दिवसभर परक्या सर्व्हरवर जात होती!

मीटिंगमध्ये लीडने हा ‘फ्रेमवर्कचा बग’ ठरवला. तो बग नाही. कॉन्फिगरेशन क्लास कॉम्पोनंट स्कॅनमध्ये सापडला तर तो सगळ्या फेन क्लायंटसाठी डीफॉल्ट होतो, असं स्प्रिंगच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. अहवालात तरीही ‘थर्ड पार्टी इंटिग्रेशनमधली अडचण’ एवढंच छापून आलं.

इतरांनी यातून घ्यायचं ते असं. हेडर एक-दोन मेथडपुरतं असेल तर सरळ ‘रिक्वेस्टहेडर’ पॅरामीटर द्यावा. टायपिंग वाढतं, पण काय जातंय ते कॉल करतानाच दिसतं. इंटरसेप्टर हवाच असेल तर त्याची बीन वेगळ्या क्लासमध्ये ठेवावी, त्या क्लासवर ‘@कॉन्फिगरेशन’ लावू नये आणि ‘फेनक्लायंट’च्या ‘कॉन्फिगरेशन’ ॲट्रिब्यूटमधून तो नेमक्या क्लायंटलाच द्यावा. व्हॅल्यू बदलायची असेल तेव्हा आधी ‘रिमूव्हहेडर’, मग ‘हेडर’. रीट्राय चालू असेल तर हे विसरून चालतच नाही, कारण इंटरसेप्टर प्रत्येक प्रयत्नाला त्याच टेम्प्लेटवर पुन्हा चालतो. नुसत्या फेनचा डीफॉल्ट रीट्रायर ५ प्रयत्नांपर्यंत जातो. स्प्रिंगमध्ये रीट्राय मुळात बंद असतो.

फेनचं स्वतःचं ‘@हेडर्स’ ॲनोटेशन स्प्रिंगच्या डीफॉल्ट काँट्रॅक्टमध्ये चालत नाही, आणि एररही येत नाही. मॅपिंगच्या ‘हेडर्स’मध्ये डॉलर-महिरपी कंसातली प्रॉपर्टी चालते, पण ती दर कॉलला नव्याने वाचली जात नाही, बदलत्या टोकनला तिचा उपयोग शून्य. ‘@असिंक’ किंवा वेगळ्या थ्रेडवर ‘रिक्वेस्टकॉन्टेक्स्टहोल्डर’ सहसा रिकामा मिळतो, तेव्हा ‘नल असेल तर परत फिर’ ही ओळ अंगाशी येते. टोकन अनिवार्य असेल तिथे सरळ एक्सेप्शन फेकावं. वायरमॉकसमोर टेस्ट चालवून ऑथरायझेशनची व्हॅल्यू एकच जाते ना, हे तपासावं. ‘हेडर्स’ लेव्हल प्रॉडक्शनवर राहू देऊ नये, टोकनं लॉगमध्ये उतरतात. डॉक्युमेंटेशन वाचावं, हे वेगळं सांगायला नको. पण आमच्याकडे सांगावं लागतं.

स्प्रिंग फ्रेमवर्क ६ मध्ये, म्हणजे २०२२ साली, ‘@एचटीटीपीएक्स्चेंज’ आलं. स्प्रिंगच्या ओपनफेनमध्ये आता मोठी नवी भर पडत नाही, म्हणून टीमही तिकडे निघाली आहे. लीडच्या नव्या कोडमध्ये सगळे क्लायंट टोकन लावणाऱ्या एकाच सामायिक बिल्डरमधून तयार होतात. लेखकाने हरकत या वेळी मेलवर नोंदवली आहे, मॅनेजरला सीसीत ठेवून.