प्रयोगशाळेत पेशी मेली, म्हणजे कॅन्सर बरा झाला का?

वस्तीत कुणाला कॅन्सर झाल्याचे कळले की चार दिवसांत त्या घरी पुड्या, मुळ्या आणि काढे येऊ लागतात. देणारा सांगतो, “हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे.” एखादी गोष्ट परंपरेने चालत आली किंवा मोठ्या माणसाने सांगितली एवढ्यावरून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. म्हणून ‘सिद्ध झाले’ म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ.

चाचणी कशी होते?

खारघर, नवी मुंबई येथे टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तेथे वनस्पतींचे अर्क कॅन्सरच्या पेशींवर तपासण्याची सोय आहे. रुग्णाच्या गाठीतून पूर्वी काढलेल्या आणि प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी प्लास्टिकच्या छोट्या खळग्यांत ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. त्यांत अर्क कमी-जास्त प्रमाणात घालतात. साधारण दोन दिवसांनी रंग टाकून किती पेशी उरल्या ते मोजतात आणि माहीत असलेल्या औषधाशी तुलना करतात.

पण त्या खळग्यात पोट नाही, यकृत नाही, किडनी नाही. तिथे फिनेल टाकले तरी पेशी मरतील. म्हणून फिनेल औषध ठरत नाही. अर्क निरोगी पेशींना सोडतो का, पोटातून रक्तात पुरेसा पोचतो का, हे पुढे प्राण्यांवर आणि मग माणसांवर तपासावे लागते. बहुतेक अर्क या वाटेत गळून पडतात.

अंगणातली सदाफुली

काही मात्र टिकतात. सदाफुली आपल्या अनेक अंगणांत असते. तिची पाने लोक मधुमेहावर वापरत. कॅनडातील संशोधकांनी ती तपासली, तेव्हा उंदरांची साखर उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन वेगळे झाले, पुढे व्हिन्क्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात.

मग पाने चावून खावीत का? मुळीच नाही. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण दोन मिलिग्रॅमच देतात, तेही फक्त शिरेतून. मात्रा चुकली तर नसांना इजा होते, जीवही जातो. पाने खाल्ली तर औषधाची मात्रा मिळत नाही, विषबाधा मात्र होऊ शकते.

गुळवेलही सर्वांनाच मानवते असे नाही. ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली आहे. केमोथेरपी चालू असताना यकृतावर आधीच ताण असतो.

औषध देणाऱ्याला तीन प्रश्न विचारा

१. हे पेशींवर तपासले, की माणसांवर?
२. पुडीत काय आहे आणि किती आहे, हे लिहून देता का?
३. दवाखान्याचे उपचार बंद करायला सांगता का?

तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर तिथून उठा. कॅन्सरमध्ये वाया गेलेले महिने परत मिळत नाहीत. काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, लपवू नका.

तोंडातील न भरणारी जखम, स्तनातील गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव यांपैकी काही दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. खर्रा, गुटखा खाणाऱ्यांनी तोंड तपासून घ्यावेच. तीस वर्षांवरील सर्वांसाठी तोंडाच्या आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

विहारातील रविवारच्या वंदनेनंतर हे तीन प्रश्न सर्वांना वाचून दाखवावेत, ही विनंती. जय भीम.