करवतकाठीपासून मांडणीचा धडा

माल चांगला असूनही गिऱ्हाईक पुढे निघून जाते, तेव्हा दोष पुष्कळदा मांडणीचा असतो. आम्हा कापडवाल्यांना हा धडा भंडारा जिल्ह्यातच मिळतो. मोहाडी, आंधळगावकडची करवतकाठी टसर साडी पाहा.

पहिला नियम रंगांच्या विरोधाचा: टसरचे अंग मधाळ, काठ गडद. दुसरा पुनरावृत्तीचा: करवतीचे दाते सारखे, सारख्या अंतरावर, नजर त्यांवरून सरकत जाते. तिसरा मोकळ्या जागेचा: अंग साधे, म्हणून काठ उठून दिसतो. अंगभर बुट्ट्यांची गर्दी केली तर दोन्ही वाया.

हे दाते तीन धोट्यांनी विणतात; दोन काठांचे, एक अंगाचा. छापील नकलेत ही मेहनत नाही, म्हणून ती स्वस्त पडते. दोन्ही एकाच ढिगात ठेवल्या तर गिऱ्हाईक फक्त भाव पाहील आणि विणकराची मेहनत मोलाविना जाईल.

गोसीखुर्द-पवनीकडील दुकानदार बांधवांना आमची सूचना: एकच साडी, काठ पुढे करून, साध्या पडद्यावर टांगा. दहा पावलांवरून डोळे किलकिले करून पाहा. आधी काठ दिसला तर मांडणी बरोबर. नाही तर आजूबाजूचा माल कमी करा.