झाडांमधली झोळी : तिचें गणित आणि तिची शिवण

झोळी हा शब्द कानीं पडतांच कोणास भिक्षेकऱ्याची झोळी आठवेल, तर कोणास बांधावरील बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून तींत तान्हें मूल निजविणारी आणि स्वतः खुरपणीस लागणारी माउली आठवेल. प्रस्तुत लेखांत ज्या झोळीविषयीं आम्ही लिहिणार आहों, ती या दुसऱ्या झोळीची थोरली बहीण होय. दोन झाडांच्या मध्यें टांगलेल्या आणि मोठ्या माणसास सुखानें निजतां येईल अशा या कापडी शय्येस इंग्रजींत हॅमॉक म्हणतात. रानांतील शिबिरांत तंबूच्या ऐवजीं ती टांगण्याची आवड तरुण मंडळींत दिसून येते व बाजारांत तयार झोळ्याहि मिळतात. परंतु ज्यांना त्या विकत घेणें परवडत नाहीं त्यांनीं खट्टू होण्याचें कारण नाहीं. ज्याला सुईंत दोरा ओवतां येतो त्याला झोळी शिवतां येते. मात्र शिवणाऱ्यास तिचें गणित ठाऊक नसेल तर तीच झोळी जिवावर बेतूं शकते, आणि हें गणित पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांनाहि ठाऊक नसतें. म्हणून शिवणीच्या अगोदर गणित.

पण त्याच्याहि अगोदर दोन शब्द इतिहासाचे. हॅमॉक हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. कॅरिबियन समुद्रांतील बेटांवर राहणाऱ्या ताइनो लोकांच्या बोलींतील 'हामाका' हा शब्द स्पॅनिश भाषेनें उचलला आणि तेथून तो इंग्रजींत आला. १४९२ सालीं कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हां तेथील लोक कापसाच्या जाळ्यांसारख्या बिछान्यांवर निजतात असें त्याच्या दृष्टीस पडलें. दमट जमीन, मुंग्या, विंचू यांपासून निजणाऱ्याचें अंग दूर ठेवण्याची ती युक्ति होती. दर्यावर्दी लोकांस ती फारच मानवली. फळीवर निजलेला खलाशी जहाज कलतांच लोळत जाई. टांगलेली झोळी मात्र जहाज कसेंहि डोललें तरी आपल्या वजनानें लंबरेषेंतच राहते. इंग्रजांच्या आरमारानें १५९७ सालीं झोळीचा स्वीकार केला. मोठ्या युद्धनौकांवर एका खलाशाच्या झोळीस अवघी १४ इंच रुंदीची जागा मिळे. सकाळीं ती घट्ट गुंडाळून जहाजाच्या कांठाशीं असलेल्या जाळ्यांत ठेवीत. लढाईंत तीच शत्रूच्या बंदुकीच्या गोळ्या अडवी. आणि समुद्रावर कोणी मरण पावला, तर त्याला त्याच्याच झोळींत शिवून प्रार्थनापूर्वक पाण्याच्या स्वाधीन करीत.

आतां गणिताकडे वळूं. समजा, निजणाऱ्याचें वजन ६० किलो आहे. झोळीचे दोर दोन. तेव्हां प्रत्येकावर ३० किलो भार, असें उत्तर वर्गांतील निम्मी मुलें चटकन देतील. दोर सरळ खालीं लोंबत असते तर तें उत्तर बरोबरच ठरतें. घरांतील झोपाळ्याच्या दोन बाजूंवर असाच भार पडतो. पण झोळीचा दोर तिरपा असतो. तिरप्या ओढीचे दोन भाग पडतात : एक वर उचलणारा व दुसरा आडवा ओढणारा. वजन पेलण्याचें काम फक्त पहिला भाग करतो. दोर जितका आडवा, तितका हा पहिला भाग लहान, आणि म्हणून तेंच वजन पेलण्यास दोराला तितकें अधिक ताणावें लागतें.

हिशेब सोपा आहे. दोर आडव्या रेषेशीं जो कोन करतो त्याच्या ज्येनें, म्हणजेच साइननें, वरील ३० किलोंस भागावें. कोन ४५ अंश असेल तर प्रत्येक दोरावर सुमारें ४२ किलोंचा ताण येतो. कोन ३० अंश असेल तर ज्या बरोबर अर्धी, म्हणून ताण ६० किलो; म्हणजे निजणाऱ्याच्या सबंध वजनाइतका! कोन १० अंशांवर आणला कीं ताण १७३ किलो होतो, आणि ५ अंशांवर ३४४ किलो. झोळी ताठ व सपाट दिसावी म्हणून दोर करकचून ओढणारा मुलगा आपल्या नकळत सहा माणसांचा भार त्या बिचाऱ्या दोरावर घालीत असतो. दोर अगदीं तंतोतंत आडवा करूं म्हटलें तर ताण अनंत होईल. म्हणूनच कपडे वाळत घालण्याची दोरी कितीहि ताणून बांधली तरी ओली चादर टाकतांच ती मध्यें झोळ खाते. आमच्या मतें वेक्टरचा धडा फळ्यावर शिकविण्याच्या आधीं या दोरीपाशींच शिकवावा.

यांत खरें भय आहे तें आडव्या ओढीचें. दोर १० अंशांवर बांधला असतां झाडाला आडवें ओढणारें बळ सुमारें १७० किलो भरतें. मुळें रोवून उभें असलेलें जाड झाड तें सहज सोसतें. परंतु विटांचा खांब, फाटकाचा स्तंभ किंवा कुंपणाची भिंत ही केवळ वरून खालीं येणारें वजन पेलण्यासाठीं रचलेली असते. आडव्या ओढीस तिच्या सांध्यांतील चुना अथवा सिमेंट टिकाव धरीत नाहीं. अंगणांतील विटांच्या खांबास झोळी बांधली असतां तो खांबच निजलेल्या मुलांवर कोसळून प्राण गेल्याची दुःखद घटना २०२० सालीं अमेरिकेंतील ओहायो राज्यांत घडली. याकरितां पालकांस आमची विनंती आहे कीं, घराच्या अंगणांत वा गच्चीवर झोळी टांगूं देण्यापूर्वीं ती कशाला बांधली जात आहे तें स्वतः पाहावें. विटेच्या कोणत्याहि बांधकामास ती बांधूं नये.

तर नियम ३० अंशांचा. तो मापण्यास नवें उपकरण नको. कंपासपेटींतील ज्या गुण्याचा एक कोन ३० अंशांचा असतो तो दोराशीं धरून पाहावा.

आतां शिवण. कापड ३ मीटर ४० सेंटिमीटर लांब व सुमारें दीड मीटर पन्ह्याचें घ्यावें. मांजरपाट चालेल, परंतु तो दुहेरी घ्यावा. तो जड होतो, आणि भिजला तर लवकर वाळत नाहीं. चौकडीच्या विणीचें नायलॉन हलकें व बळकट असतें, पण महाग. कापडाच्या दोन आंखूड बाजूंस प्रथम १ सेंटिमीटर व मग ४ सेंटिमीटर दुमडून नेफा शिवावा. लेंग्याच्या नेफ्यांतून जशी नाडी ओवतात, तशीच या नेफ्यांतून बळकट दोरी ओवून कापड चुणीदार आवळावें व दोरी पक्की बांधावी. बस्स, झोळी झाली. सगळें वजन या दोन नेफ्यांवर येतें, म्हणून येथें शिवणीच्या तीन ओळी जवळजवळ घालाव्या आणि दोरा पॉलिएस्टरचा वापरावा, कारण सुती दोरा ओलाव्यानें कुजतो. शिवण हें मुलींचें काम अशी समजूत असलेल्या मुलांनीं लक्षांत घ्यावें कीं, जहाजावरील शिडें खलाशीच शिवीत, आणि पौल प्रेषित तंबू करण्याचा धंदा करी.

याप्रमाणें झोळीची लांबी ३ मीटर ३० सेंटिमीटर उरते. तिच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत, निजणाऱ्याच्या वरून, २ मीटर ७५ सेंटिमीटर लांबीची एक दोरी कायमची बांधून ठेवावी. ही दोरी टोंकांना याहून दूर जाऊं देत नाहीं, त्यामुळें झाडें जवळ असोत वा दूर, झोळीचा झोळ नेहमीं सारखाच राहतो. शिवाय कंदील, पाण्याची बाटली, चष्मा अडकविण्यास तीच उपयोगी पडते. ही युक्ति ज्यांनें प्रथम योजिली त्याचें कौतुक वाटतें.

बाजूच्या दोरांची निवड कशी करावी? गांठ मारली कीं दोराचें बळ सुमारें निम्म्यावर येतें असें धरून चालावें. आणि धपकन बसणाऱ्याचा हिसका हा त्याच्या वजनाहून पुष्कळ अधिक असतो. म्हणून ६० किलोंच्या मुलासाठीं निदान ३०० किलो पेलणारा दोर घ्यावा. काथ्याचा अथवा सुंभाचा जुना दोर वरून धड दिसला तरी आंतून कुजलेला असूं शकतो. त्यावर आपला जीव टांगूं नये. गांठ निरगांठ असावी. सुरगांठ एकदां चुकीचें टोंक ओढलें कीं सुटते.

झाडाभोंवतीं मात्र नुसता दोर कधींहि गुंडाळूं नये. पानांत तयार झालेलें अन्न मुळांकडे नेणाऱ्या नलिका सालीच्या आंतल्याच थरांत असतात. बारीक दोर सालींत रुतला कीं त्या चिरडतात, आणि सभोंवार चिरडल्या तर झाड हळूहळू उपाशी मरतें. याकरितां पलंगाची रुंद नवार उत्तम. तिच्या एका टोंकास फांसा शिवून दुसरें टोंक त्यांतून ओढून घ्यावें व त्यास झोळीचा दोर बांधावा. झाडें एकमेकांपासून चार ते पांच मीटर दूर असावीं. साडेचार मीटर अंतर असेल तर नवार सुमारें १७० सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे बहुतेक मुलांच्या डोक्याच्याहि वर, बांधावी लागते. तसें केल्यास निजणाऱ्याचें अंग खुर्चीच्या बैठकीइतकें उंच राहतें. त्याहून उंच टांगण्यांत पराक्रम कांहीं नाहीं. आंबा, जांभूळ हीं झाडें चांगलीं. शेवगा ठिसूळ, तो वर्ज्य. नारळाखालीं कोणीं निजूं नये हें कोकणांतल्या मुलांस सांगावयास नको. झाडावर वाळलेली फांदी लोंबत नाहीं ना, हेंहि मान वर करून पाहावें.

नव्या झोळीची परीक्षा माणसानें करूं नये. ती जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगून तींत वाळूचीं पोतीं, निजणाऱ्याच्या दीडपट वजनाचीं, रात्रभर ठेवावीं आणि सकाळीं नेफे, गांठी व नवार बारकाईनें तपासावी.

निजण्याची रीत वेगळी आहे. सरळ लांबीनें निजलें तर पाठ धनुष्यासारखी वांकते व गुडघे दुखतात. मधल्या रेषेपासून थोडें तिरपें, डोकें एका बाजूस व पाय दुसऱ्या बाजूस टाकून निजावें. म्हणजे कापड पाठीखालीं जवळजवळ सपाट होतें. कापडाची रुंदी एवढी मोठी सांगितली ती याचसाठीं.

पावसासाठीं वर ताडपत्री बांधावी, पण तेवढ्यानें भागत नाहीं. झाडावरून ओघळणारें पाणी दोराच्या वाटेनें सरळ झोळींत उतरतें. झोळीच्या टोंकाजवळ दोरावर एक चिंधी बांधून तिचें टोंक खालीं लोंबूं द्यावें. पाणी तिच्यावरून ठिबकून जातें. थंडीच्या दिवसांत खरा चोर पाठीखालचा वारा आहे. अंगाखालीं घातलेली गोधडी वजनानें दबते, तिच्यांतील हवा निघून जाते व ऊबहि जाते. म्हणून घोंगडी झोळीच्या आंत न अंथरतां बाहेरून, खालच्या अंगास, दोन दोऱ्यांनीं सैल पण झोळीस टेकेल अशी टांगावी. तिच्या लोंकरींतील न दबलेली हवाच ऊब धरून ठेवते. डांसांकरितां घरचीच मच्छरदाणी वरच्या दोरीवरून सोडावी.

आणखी एका प्रसंगीं झोळी कामास येते. आमच्या डोंगराळ भागांतील ज्या वाड्यांपर्यंत रस्ता पोहोंचलेला नाहीं, तेथें आजाऱ्यास बांबूला बांधलेल्या घोंगडीच्या अथवा चादरीच्या झोळींत घालून, खांदे पालटीत, दवाखान्यापर्यंत नेतात. बाळंतीण होऊं घातलेल्या बायांचा प्रवासहि असाच होतो. सहलींत एखाद्या सोबत्याचा पाय मुरगळला, तर तुमची झोळी जाड, ताज्या बांबूला दोन्ही टोंकांनीं आवळून त्याला खालीं आणतां येईल. पुढें दोघे व मागें दोघे असावे, आणि पावलें एका तालांत न टाकतां उलटसुलट टाकावीं, म्हणजे झोळी हेलकावत नाहीं. मात्र तो उंचावरून पडला असून मान किंवा पाठ दुखते असें म्हणत असेल, तर त्याला झोळींत मुळींच घालूं नये. जेथें आहे तेथेंच स्थिर निजवून, अंगावर पांघरूण घालून, दोघांनीं फळी व जाणता मनुष्य आणण्यास गांवाकडे धांवावें.